एक्केचाळिसावा प्रश्न

"पण मग त्या येत का नाहीत?" ऋजुतानं तिसऱ्यांदा विचारलं.

अगोगो एस्नार्ट बाळांचं वजन करायचा काटा पुसत होत्या. काट्याखाली कापडी झोळी लटकत होती.

मलावी सरोवराच्या काठावरच्या एका छोट्या दवाखान्यातली ही गोष्ट. अगोगो म्हणजे आजी. एस्नार्टनी तिथं सुईण म्हणून छत्तीस वर्षं बाळंतपणं केली होती. निवृत्त झाल्या, तरी रोज सकाळी येऊन बसायच्या. गाव त्यांना अगोगो म्हणे, तरुण डॉक्टरही.

ऋजुता पाटणकर मिरजेची. डॉक्टर झाली, परदेशात सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घेतलं आणि संशोधनासाठी इथं आली. दीड वर्षात ती चिचेवा भाषाही शिकली होती. दुभाष्याशिवाय आपलं काही अडत नाही, हे ती सहज बोलता बोलता सांगत असे.

तिचा प्रश्न साधा होता. एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत. त्या रोज घेतल्या तर आई तगते आणि बाळाला लागण होण्याचा धोका अगदी थोडा उरतो. तरीही दर तिघींतली एक मध्येच यायची बंद होई.

ऋजुतानं सहाशे बारा बायकांना गाठून प्रत्येकीला चाळीस प्रश्न विचारले होते. उत्तर सापडलं होतं: दवाखाना लांब पडतो. बसभाडं दिलं की बायका येतील. पुढचा निधी कशावर खर्च व्हायचा, ते तिच्या अहवालावर ठरणार होतं. तो लिहून जवळजवळ पुरा झाला होता. अगोगोंनी मान डोलावली की झालं.

"तामांदानी दोन महिने आली नाही," अगोगो म्हणाल्या. "सातवा लागलाय तिला."

"माहीत आहे मला."

अगोगोंनी खिडकीचा पडदा बाजूला केला. रस्त्यापलीकडे एका चुलीचा धूर वर चढत होता.

"ते तिचं घर."

तामांदानीकडेही आपण जाऊन आलो, तिनं चाळीसही प्रश्नांची नीट उत्तरं दिली, पुढच्या आठवड्यात येते असंही म्हणाली, हे ऋजुतानं सांगितलं.

"आणि तिनं तुला किती प्रश्न विचारले?"

"एकही नाही."

अगोगोंनी हात पुढे केला. ऋजुताच्या मांडीवरचा या गावच्या फॉर्मांचा गठ्ठा उचलला आणि झोळीत ठेवला. काटा हलला, थरथरला, थांबला.

"दोन किलो शंभर," त्या म्हणाल्या. "एवढ्या वजनाचं बाळ आम्ही लगेच घरी पाठवत नाही."

ऋजुताला राग आला. उठून ती तशीच बाहेर पडली. गठ्ठा झोळीतच राहिला.

रस्ता ओलांडला तेव्हा तामांदानी मांडवावर छोटे मासे वाळत घालत होती. पोट चांगलंच पुढे आलेलं. तिनं ऋजुताच्या हाताकडे पाहिलं. हातात कागद नव्हते. आता काय करायचं ते दोघींनाही कळेना. शेवटी ऋजुता मासे उलटायला लागली.

त्या दिवशी तामांदानी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली की, मासे असे शेपटीला धरून उलटायचे नसतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी, खाली बघतच, तिनं विचारलं.

"दूध पाजता येईल का मला?"

ऋजुताचा हात थांबला.

मग तामांदानी सलग बोलत राहिली. तिची थोरली बहीण गोळ्या घ्यायची. बाळाला अंगावर पाजू नको, असं तिला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं. तिनं बाटली आणली. बाटली पाहून सगळ्या आळीला तिच्या आजाराचं जे कळायचं ते कळलं. नवरा निघून गेला. बाळाला जुलाब लागले. तिसऱ्या महिन्यात ते गेलं. म्हणजे गोळ्या घ्यायच्या तर बाटली आली, आणि बाटली आली की... तामांदानी थांबली.

"पाजता येईल," ऋजुता म्हणाली. "गोळ्या रोज घ्यायच्या आणि पाजायचं. आता तसंच सांगतात."

"नक्की?"

"नक्की."

तामांदानीनं हातातला मासा खाली ठेवला.

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

तुम्ही विचारलं नाहीत, हे शब्द ऋजुताच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखाना उघडायच्याही आधी, तामांदानी पायरीवर बसलेली होती.

तिला मुलगी झाली. नाव ठेवलं चियेंबेकेझो. चिचेवात त्याचा अर्थ आशा. सहाव्या आठवड्यातल्या तपासणीत बाळाला लागण नव्हती. तामांदानी गोळ्या घेत राहिली आणि लेकीला अंगावर पाजत राहिली.

ऋजुतानं अहवाल थांबवला. वरिष्ठ नाराज झाले, तारखा पुढे गेल्या. ती पुन्हा घरोघर गेली. या वेळी हातात कागद नव्हते. आठ महिन्यांनी तिनं नवा अहवाल पाठवला. लांबच्या बायकांना बसभाडं द्याच, असं त्यात होतं. पण ज्या आयांनी स्वतः उपचार घेऊन मूल वाढवलं आहे, त्यांना पगार देऊन नव्या आयांच्या घरी पाठवा, असंही होतं. दहा जागा मागितल्या होत्या. तीन मिळाल्या. पहिल्या जागेवर तामांदानी आली.

थांबलेल्या सगळ्याच बायका परतल्या नाहीत. पण पुष्कळ परतल्या. वर्षभरानं अंगावरचं दूध सुटलं, त्यानंतर चियेंबेकेझोची शेवटची तपासणी झाली. त्यातही लागण निघाली नाही. त्या दिवशी तामांदानी दवाखान्याच्या अंगणात लेकीला कडेवर घेऊन नाचली, आणि रांगेतल्या बायकांनी ताल धरला.

ऋजुता मायदेशी निघाली तेव्हा अगोगोंचा निरोप घ्यायला सरोवराकाठी गेली. वाकून तिनं त्यांच्या पायांना हात लावला. अगोगोंनी दचकून पाय मागे घेतले. आमच्याकडे गुरूला असंच करतात, असं ऋजुतानं सांगितलं.

"पुढच्या वर्षी रजा काढून येईन म्हणते," ऋजुता म्हणाली. "तुमच्या हाताखाली शिकायला."

पलीकडे झाडाच्या सावलीत तामांदानी दोन नवख्या गरोदर पोरींबरोबर बसली होती. एक पोरगी हळू आवाजात काही सांगत होती. तामांदानी नुसतं ऐकत होती.

अगोगोंनी तिकडे हनुवटी उडवली.

"तिला विचार," त्या म्हणाल्या. "ती घेते का तुला."