ठकू भोईणीची वाट

फार वर्षांपूर्वी, घोरण नदीवर पूल नव्हता की धरण नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या काठी दांडवली नावाचं गाव होतं. उन्हाळ्यात नदी आटायची, पण गावाखालचा डोह कधी आटत नसे. त्या डोहाचं पाणी गाव प्यायचं आणि त्यातलीच मासळी खायचं.

डोहावर ठकू भोईण जाळं टाकायची. तिचा नवरा पुरात गेला होता, मूलबाळ नव्हतं. जाळ्यात मासा आला की ती त्याच्या पोटावरून बोट फिरवायची. गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, हाताला लागली की मासा परत पाण्यात सोडायची. पिल्लंही सोडायची. उरेल ती मासळी घरोघर द्यायची आणि बदल्यात पसाभर तांदूळ घ्यायची. डोहातली खडस जातीची मोठमोठी मासळी तिच्या हाताशी येऊन थांबायची, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस फार कमी झाला. चैत्रातच नदी कोरडी पडली. त्याच सुमाराला भिवबा पाटलांच्या घरी नातवाचं बारसं निघालं आणि आसपासच्या सगळ्या गावांना आवतण गेलं. एवढ्या पंगतीला पुरेल इतकी मासळी जाळ्यानं कुठली निघणार? तेव्हा कुणीतरी सुचवलं की डोहात निवडुंगाचा चीक ओतावा, मासे गुंगून आपोआप वर येतील.

लोक चिकाची मडकी घेऊन आले, तेव्हा ठकू डोहात उतरून उभी राहिली.

"पाटील, सारी मासळी गाभोळीची आहे," ती म्हणाली. "आज ही खाल्लीत तर पुढं पोरांना काय घालाल?"

"एका दिवसाची तर गोष्ट, ठकू," पाटील म्हणाले. "डोह काय कुठं पळून जातोय?"

तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि चीक ओतला. डोह पांढराफटक दिसेपर्यंत मासे वर आले. पंगत झाली. लोक पोटभर जेवले. उरलेली मासळी काठावर कुजली आणि पाण्याला वास मारू लागला. ते पाणी पिऊन गुरं पडली, मग माणसं आजारी झाली.

मग गावानं घागरींनी डोह उपसला. तळ खणला तेव्हा झरा पुन्हा फुटला. पण त्या पाण्यात मासा नव्हता. ते हिरवं पडलं, त्यात किडे वळवळू लागले. ठकू म्हणाली की मासा नाही तर हे पाणी असंच राहणार, खाली मोठ्या नदीच्या संगमावरून माशांची जिवंत जोडी आणायला हवी.

चावडीपुढं उभं राहून तिनं एकच गोष्ट मागितली.

"कुणीतरी बरोबर चला. हंडा आलटूनपालटून धरता येईल."

सगळ्यांच्या माना खाली होत्या. तिच्याबरोबर कुठल्या तोंडानं चालायचं, असं प्रत्येकाला वाटत होतं. म्हणून कुणीच उठलं नाही. ठकू एकटी गेली.

येताना डोक्यावर हंडा आणि त्यात खडसाची जोडी. ऊन एवढं, की वाटेतले दगड तडकत होते. मासे तडफडू लागले की ती वाटेतल्या गावांत पाणी मागायची. दुष्काळच तो, लोक ओंजळभर द्यायचे. ती ओंजळ ती हंड्यात घालायची, स्वतः घोट घ्यायची नाही. पुढं पुढं तिची सावली पडेनाशी झाली, नुसती हंड्याची पडायची, असं म्हणतात.

ती डोहावर पोचली आणि काठावरच कोसळली, पण हंडा कलंडला नाही. भिवबा पाटील पाण्याचा तांब्या घेऊन धावले. तिनं तांब्या हातानं बाजूला केला.

"आधी त्यांना सोडा."

पाटलांनी आपल्या हातांनी जोडी पाण्यात सोडली. वळून पाहिलं, तोवर ठकू गेली होती.

डोह पुन्हा निवळला. आज त्यात आहेत ती सगळी खडसं त्या जोडीची, असं म्हणतात.

दांडवलीत अजूनही गाभोळीच्या दिवसांत जाळं वाळत असतं, ओलं होत नाही. आणि वैशाखात, तिनं प्राण सोडला त्या दिवशी, घरटी एक माणूस संगमाच्या वाटेला लागतं. आळीपाळीनं एकच हंडा वाहतात. वाटेतल्या बाया त्यात ओंजळ ओंजळ पाणी घालतात. कुणी बोलत नाही. सगळ्यांच्या पुढं एका माणसाइतकी जागा मोकळी ठेवतात आणि तिच्या मागून चालतात.