मध्यमाचा पडदा

सतारी घडवणारा एक कारागीर एकदा नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध योग्याच्या आश्रमात आला. पाठीवर कापडात गुंडाळलेली एक सतार होती. ती खाली ठेवण्याआधीच तो म्हणाला, "गुरुजी, माझं विशुद्ध चक्र बंद पडलं आहे. तेवढं उघडून द्या."

वृद्धांनी विचारले, "हे तुला कुणी सांगितलं?"

"गावात एक साधक आले होते. माझ्याकडे बघूनच म्हणाले, तुमचा कंठ बंद आहे, म्हणून तुमची वाद्यं बोलत नाहीत."

"आणि खरंच बोलत नाहीत?"

कारागिराने कापड सोडले. वृद्धांनी सतार मांडीवर घेतली. भोपळा उत्तम पिकलेला, दांडी सरळ, तिच्यावर दोऱ्याने बांधलेले पितळी पडदे जिथल्या तिथे. त्यांनी तार छेडली. सूर बिनचूक होता, पण ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा तो निघाला आणि तिथेच संपला.

"कधीपासून असं आहे?"

कारागीर जमिनीकडे पाहत राहिला. "मुलगी गेली. सगुणा. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर." एवढे बोलून तो घाईने म्हणाला, "पण ते झालं आता. त्याबद्दल मला काही नको. माझा हात तेवढा परत पाहिजे. आजोबांपासून घरात हेच काम. मला दुसरं काही येत नाही, गुरुजी. हात गेला तर मी कोण म्हणून जगायचं?"

"घरी कोण आहे?"

"तिची आई आहे. बोलत नाही फारशी."

"आणि तू?"

कारागीर सतारीचे कापड गोळा करू लागला. वृद्धांनी सतार त्याच्याकडे परत दिली आणि म्हणाले, "कंठाचं नंतर पाहू. आधी बसायला शीक."

चक्रांविषयी अधिकाराने काही सांगावे एवढी माझी पात्रता नाही. पुस्तके पुष्कळ वाचली. परंतु वाचलेले आणि अनुभवलेले यांतले अंतर वयाबरोबर कमी होण्याऐवजी वाढत गेले, अशी शंका येते. म्हणून त्या वृद्धांनी जे केले तेवढेच सांगतो.

त्यांनी त्याला उघड्या जमिनीवर बसवले. म्हणाले, मूलाधार म्हणजे आपला भार भुईला देणे. आरंभी त्याला ते जमेना. मुलगी गेल्यापासून तो एका जागी बसलाच नव्हता. घरात असला तर अंगणात जाई, अंगणात असला तर बाजाराकडे निघे. हळूहळू पाय स्थिरावले, पाठ सरळ झाली, आणि ज्या झोपेची त्याने आशा सोडली होती ती परत आली.

मग ओटीपोटाशी असलेले स्वाधिष्ठान. कंबर मोकळी करणारी आसने, आणि नदीच्या पाण्याकडे पाहत संथ श्वास. वृद्ध म्हणाले, "नवं काही जन्माला येतं ते इथून. गळा फक्त त्याला वाट देतो." एके सकाळी कारागिराने वाळूतला लाकडाचा तुकडा उचलला आणि कुणी न सांगता त्यातून बदकाच्या आकाराचा एक मणी कोरला, सतारीच्या तारेत ओवतात तसा. कोरून झाल्यावर तो बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसला.

नाभीजवळच्या मणिपुरापाशी त्याला भूक लागू लागली. एकदा त्याने आणखी एक भाकरी मागितली आणि मागून लाजला. आश्रमातला एक जुना शिष्य होता, जरा फटकळ. तो म्हणाला, "मागा हो सतारवाले, मागा. अग्नी पेटला म्हणायचा तुमचा. आता आमच्या वाट्याला काही उरेल ना, तेवढं बघा म्हणजे झालं."

कारागीर हसला. किती महिन्यांनी हसला, ते त्यालाही सांगता आले नसते.

यानंतर हृदयापाशी असलेले अनाहत चक्र. इथे वृद्धांनी कोणतेही आसन सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "छातीवर हात ठेवून बस. श्वास येऊ दे, जाऊ दे. त्याच्याबरोबर दुसरं काही आलं तर त्यालाही येऊ दे."

त्या दिवशी कारागीर लगेच उठला. पोटात दुखते म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला मध्येच पाणी भरायचे आठवले. त्यानंतर मात्र तो उठेनासा झाला. उलट त्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती दिसू लागली. कंठाशी थंडावा जाणवतो, भ्रूमध्यात प्रकाश दिसतो, असे तो सांगू लागला. नवे साधक त्याच्याजवळ येऊन बसत. जुना शिष्य म्हणाला, "सतारवाले, तुमच्या तोंडावर माशी बसली तरी तिला झोप लागेल, इतके शांत झालात तुम्ही. आम्ही इथे केस पिकवले, आणि आमचं मन अजून आमटीत मीठ कमी पडलं तरी भडकतं."

आता हात आला असणार, असे वाटून कारागिराने सोबतची सतार कामाला घेतली. पडदे सोडले, तारांखालची घोडी नव्याने घासून, नाद झंकारावा म्हणून, तिची जवारी काढली, तारा बदलल्या, पडदे पुन्हा बांधले. बदकाचा मणीही ओवला. मग बोटात नखी चढवून त्याने तार छेडली.

सूर निघाला आणि तिथेच संपला. पूर्वीसारखाच.

तो सतार घेऊन वृद्धांकडे गेला. त्याची शांती वाटेतच कुठेतरी गळून पडली होती. "गुरुजी, सगळं केलं मी. प्रकाशसुद्धा दिसला. मग हे असं का?"

"हृदयापाशी काय दिसलं?"

"तिथे मी थांबत नाही."

"म्हणजे?"

"सात चक्रांना सात सूर जोडतात ना, गुरुजी? मूलाधाराला षड्ज, असं वर वर. त्या हिशेबाने चौथं चक्र म्हणजे मध्यम." बोलता बोलता कारागिराला थोडा उत्साह आला, हा त्याचा प्रांत होता. "आमच्याकडे भूप राग आहे. त्यात मध्यम वर्ज्य. सा, रे, ग, आणि एकदम पंचम. मध्यम लागतच नाही, आणि तरी किती गोड राग तो! मी म्हटलं, आपणही तसंच करावं. नाभीपासून श्वास उचलायचा आणि थेट कंठात सोडायचा. अगदी स्वच्छ जमतं."

वृद्धांनी जुन्या शिष्याला भाजी चिरायची सुरी आणायला सांगितली. सतार उलटी करून मांडीवर घेतली, मध्यमाच्या पडद्याची दांडीमागची गाठ शोधली आणि सुरीने कापली. पडदा सैल होऊन घरंगळला आणि जमिनीवर पडला.

"अहो, काय करताय हे!" कारागीर ओरडला. त्याने सतार जवळजवळ हिसकावून घेतली.

"का? भूपच वाजवायचा आहे ना? त्यात मध्यम नाही."

"भूपात नाही! पण वाद्य आहे हे. उद्या कुणी मालकंस वाजवायला घेतला तर त्याने काय करायचं? आणि भूप वाजवणारासुद्धा असली मोडतोड केलेली सतार हातात धरणार नाही. मध्यम वाजवायचा नसला तरी त्याची जागा हवी की! वर्ज्य करणं वेगळं आणि..."

तो थांबला. जुना शिष्य कोटी करायला तोंड उघडत होता. त्यानेही ते मिटले.

"बोल," वृद्ध म्हणाले. "वर्ज्य करणं वेगळं आणि?"

कारागिराने जमिनीवरच्या पडद्याकडे पाहिले. तेव्हा वृद्धच म्हणाले, "सूर टाळणारा गवई त्या सुराची जागा मनात सांभाळून असतो. तू जागाच कापलीस. श्वास खालून वर येतो तो छातीतून येतो. शरीराला दुसरी वाट दिलेली नाही. तू पायथा बांधलास, झोप मिळवलीस, भूक मिळवलीस, तुझ्या हातांत कोरण्याची इच्छा जागी झाली. ते सगळं छातीच्या दाराशी येऊन उभं आहे. तुझ्या कंठात काही बिघाड नाही. तिथवर काही पोचतच नाही. ज्या खोलीत तू मुलीला ठेवून कडी घातलीस, त्याच खोलीत तुझा नादही राहत होता. एकाला कोंडून दुसऱ्याला बाहेर बोलावता येत नाही."

"म्हणजे तिची आठवण येऊ दिली, की दुःख जाईल?"

"नाही," वृद्ध म्हणाले. "ते जाणार नाही. तसं वचन मी देणार नाही. योगाने शोक नाहीसा होत असेल तर मला तो योग माहीत नाही. तुला बसायला शिकवलं ते एवढ्यासाठी, की तो आला म्हणजे तू उठून पळू नयेस."

त्यांनी जमिनीवरचा पडदा उचलून त्याच्या हातात दिला. "बांध."

कारागिराने पिशवीतून दोरा काढला. दांडीवर पडदा ठेवला, तार छेडली, पडदा किंचित वर सरकवला, किंचित खाली. ती जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. आज सापडायला वेळ लागला. दोऱ्याचे वेढे घेतले आणि गाठीपाशी येऊन त्याचे हात थबकले.

"काय झालं?"

"गाठ मारताना वर बोट ठेवायला कुणीतरी लागतं," तो म्हणाला. "नाहीतर ती सैल बसते. सगुणा ठेवायची. दोरा आवळताना तिचं बोट चिमटायचं, मग ती ओरडायची, बाबा, माझं बोटसुद्धा विकणार आहात काय सतारीबरोबर!" त्याचा आवाज फुटला. "ती गेल्यापासून मी दातांनी ओढतो."

वृद्धांनी आपले सुरकुतलेले बोट गाठीवर ठेवले.

कारागीर रडला. लहान मूल रडते तसा, आवाज करून, नाक वाहेपर्यंत. नवे साधक दाराशी जमले. जुन्या शिष्याने त्यांना हाताने मागे सारले. रडणे ओसरायला फार वेळ लागला, आणि वृद्धांनी तोवर बोट हलवले नाही. मग कारागिराने गाठ आवळली.

दुसऱ्या दिवशी तो घरी निघाला. तो दिसेनासा झाल्यावर जुन्या शिष्याने विचारले, "गुरुजी, त्याचं अनाहत चक्र उघडलं का?"

"मला ठाऊक नाही," वृद्ध म्हणाले. "कालपर्यंत तो शांत होता, आज दुःखी आहे. प्रकृती सुधारते आहे, एवढं म्हणता येईल."

कारागीर घरी पोचला तेव्हा पत्नी चुलीपाशी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पुन्हा कामाला लागली. हात-पाय धुऊन तो तिच्याजवळ भुईवर बसला. छाती भरून आली. उठून अंगणात जावे, असे अगदी वाटले. तो बसून राहिला.

मग म्हणाला, "सगुणाला करपलेला भात आवडायचा, नाही?"

पत्नीचा हात थांबला. त्या घरात ते नाव कित्येक महिन्यांनी उच्चारले गेले होते. ती काहीशा रागाने म्हणाली, "करपलेला नव्हे. खरवड. तळाची खरवड आवडायची तिला. एवढंसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही," तो म्हणाला. "सांग मला."

तिने सांगितले. आधी तुटक तुटक, मग न थांबता. लहानपणी सगुणा खरवडीसाठी कशी भांडायची, पातेल्यात डोके घालून कशी खायची, तापातही तिने तेच कसे मागितले आणि वैद्यांनी नको म्हटल्यामुळे आपण ते कसे दिले नाही. हे शेवटचे ती पहिल्यांदाच कुणाजवळ बोलत होती. त्या एका नकाराचे ओझे घेऊन ती इतके दिवस एकटी चुलीपाशी बसत होती, आणि नवरा दूर नदीकाठी डोळे मिटून प्रकाश पाहत होता.

त्याने तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. "तू दिलं असतंस तरी ती गेली असती," तो म्हणाला. "आणि नाही दिलंस, ते ती जगावी म्हणून."

पुढे त्याच्या सतारी बोलू लागल्या. सगळ्या नव्हे, पण बऱ्याच. आसनावर तो रोज सकाळी बसे. कधी डोळे कोरडे असत, कधी नसत. ऐकणारे म्हणत, या सतारीच्या नादात कुणीतरी दूर उभे राहून हाक मारल्यासारखे वाटते. तो म्हणे, असेल.

साधनेला बसताना आपणही एखादे नाव दाराबाहेर ठेवून आत येत असू, तर त्यालाही शेजारी बसू द्यावे. आसन लहान दिसते. पण दोघांना पुरते, असे मला वाटते.