टिकलीच्या अंगावरचे चट्टे

कोणत्या राजाच्या काळात हे घडलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, इतकी ही जुनी गोष्ट आहे. तेव्हा एका राज्याच्या सीमेवर, नदीकाठच्या गवताळ माळावर एक गाव होतं. गावात घरटी एक तरी घोडी असायची. शिंगरं माळावर वाढायची आणि मोठी झाली की राजाच्या पागेत जायची. गावातली मुलंही तशीच वाढायची आणि तशीच जायची.

त्या गावात साळूबाई नावाची एक विधवा राहायची. तिचा एकुलता एक मुलगा सुभान घरच्या पाखरी नावाच्या घोडीवर बसून राजाच्या फौजेत गेला. लढाई कुठल्या मुलखात झाली, कशासाठी झाली, हे साळूबाईला कधी नीट कळलं नाही. पावसाळा सरल्यावर सुभानचे सोबती परत आले. त्यांनी पाखरीला दारातल्या खुंटाला बांधलं, तिच्या पाठीवरचं रिकामं खोगीर उतरवून ओट्यावर ठेवलं आणि खाली मान घालून उभे राहिले.  साळूबाईनं त्यांना पाणी दिलं.

पाखरी गाभण होती. उन्हाळ्यात ती व्याली आणि साळूबाईच्या घरात पुन्हा एक तरुण जीव वावरू लागला. मादी शिंगरू होतं, तांबूस रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका. साळूबाईनं तिचं नाव टिकली ठेवलं. टिकली अंगणभर उधळायची, धडपडायची, दमली की आईच्या पोटाखाली शिरून दूध प्यायची. साळूबाई उंबऱ्यात बसून बघत राही. वर्षभरात गावानं तिला हसताना पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं.

मग पाऊस लागला आणि लवकर उघडला नाही. तबेल्याची जमीन ओली राहू लागली. एका सकाळी साळूबाई टिकलीच्या मानेवरून हात फिरवत होती, तर तिच्या बोटांत केसांचा पुंजका आला. तिनं नीट पाहिलं. डोळ्यांभोवतीचे केस गेले होते. पाठीवर बारीक खपल्या धरल्या होत्या. 

दर पावसाळ्यात एक म्हातारा अश्ववैद्य त्या बाजूच्या गावांतून फिरायचा. साळूबाईनं त्याला निरोप धाडला. वैद्य आला, टिकलीजवळ उकिडवा बसला, तिच्या अंगावरून उलटा-सुलटा हात फिरवला, एक खपली निरखून पाहिली आणि उठला.

"हे दोन निरनिराळे प्रकार आहेत, बाई," तो म्हणाला. "तोंडावरचे नि मानेवरचे केस जातायत ते जावळ आहे. शिंगरांचं जावळ असंच झडतं. पाठीवरच्या खपल्या मात्र ओलीनं आल्यात. तिला कोरड्या जागी ठेवा. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं पाठ पुसा आणि लगेच कोरडी करा. खपल्या ओढून काढू नका. आणि तिला आईजवळ राहू द्या."

"आणि औषध?"

"हेच औषध."

"चट्टे वाढले तर?"

"वाढतील. जायच्या आधी थोडे वाढतातच. पाऊस उघडला, ऊन पडलं, की तिचं अंगच तिला बरं करील. तुम्ही फक्त धीर धरा."

वैद्य पुढच्या गावाला निघून गेला. साळूबाईनं तबेल्यात कोरडं गवत अंथरलं, कडुलिंबाचं पाणी केलं, सांगितलं तसं सगळं केलं. पण धीर धरणं हे एक काम तिला जमेना. रोज उजाडलं की ती चट्टे बघायला जायची आणि रोज ते तिला कालच्यापेक्षा मोठे दिसायचे. सुभान परमुलखात पडला तेव्हा त्याच्या तोंडात पाणी घालायलाही ती तिथं नव्हती. आता हा जीव डोळ्यांसमोर होता, आणि वैद्य सांगत होता की हात आवरून बसा. तिला ते सोसेना.

शेजारची ठकूबाई मनानं चांगली होती. साळूबाईला रडताना पाहून ती म्हणाली, "वहिनी, वैद्य आता थकला. त्याच्या भरवशावर बसू नका. माझ्या माहेरी अशा चट्ट्यांवर करंजाचं तेल चोळतात." तिनं स्वतःच्या घरातलं तेल आणून दिलं. साळूबाईनं ते टिकलीच्या अंगभर चोळलं. चोळताना खपल्या सुटल्या आणि खालची लाल कातडी उघडी पडली. ते पाहून ती आणखी घाबरली.

त्याच सुमारास मिठाचा एक व्यापारी बैलांचा तांडा घेऊन गावात उतरला होता. त्यानं टिकलीला पाहिलं आणि आपल्याजवळचं गंधक आणि मोरचूद काढून दिलं. "तेलात खलून लावा. खरजेचं मूळच जाळून टाकतं," तो म्हणाला. साळूबाईनं तो निळसर लेप लावला तेव्हा टिकली चारी पाय उचलून उडाली आणि दावं तोडून भिंतीपाशी जाऊन थरथरत उभी राहिली.

"हे झोंबतंय तिला," साळूबाई म्हणाली.

"झोंबतंय म्हणजेच लागू पडतंय," व्यापारी म्हणाला आणि आपल्या बैलांमागं निघून गेला.

पाखरी मात्र लेकराचं अंग सारखं चाटायची. चाटून चाटून लेप काढून टाकायची. साळूबाईला वाटलं, अशानं औषध लागू कसं पडणार? शिवाय आईच्या जिभेनं रोग अंगभर पसरत असेल. तिनं टिकलीला परसातल्या लाकडांच्या खोपटात नेऊन बांधलं. पाखरी इकडून हाका मारायची, टिकली तिकडून उत्तर द्यायची. साळूबाई कानांवर हात ठेवून चुलीपुढं बसायची आणि स्वतःशीच म्हणायची, "तुझ्याच भल्यासाठी आहे गं, तुझ्याच भल्यासाठी."

दूध पाजायला म्हणून ती सकाळ-संध्याकाळ टिकलीला आईकडे न्यायची. पहिल्या दिवशी पाखरीनं लेकराला बराच वेळ हुंगलं, नाक फेंदारलं, मग पिऊ दिलं. दुसऱ्या दिवशी ती अंग चोरून उभी राहिली. त्यानंतरच्या सकाळी तिनं कान मागं पाडले, आणि टिकली पोटाखाली शिरू लागली तशी तिला पायानं लोटून दिलं.

साळूबाईनं पाखरीचं तोंड घट्ट धरलं. "अगं, तुझीच आहे ती. ओळखत नाहीस का?" पण घोड्याची जात लेकराला वासानं ओळखते, आणि त्या अंगाला आता लेकराचा वास राहिला नव्हता. करंज, गंधक आणि मोरचूद यांच्याखाली तो बुडून गेला होता. टिकली पुन्हा पुढं आली. पुन्हा लाथ बसली. मग ती पुढं यायचीच थांबली. खोपटाच्या कोपऱ्यात मान टाकून उभी राहू लागली आणि आगआग होणारी पाठ तोंड वळवून स्वतःच चाटू लागली. तो विषारी लेप तिच्या पोटात जात होता, हे साळूबाईच्या ध्यानात आलं नाही. शेळीचं दूध वाटीत घालून ती तिच्या तोंडाशी धरायची. टिकली ओठ ओले करायची आणि तोंड फिरवायची.

शेवटी साळूबाई चिखल तुडवत वैद्याला शोधायला निघाली. तो तिला नदीपलीकडच्या गावात भेटला. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वैद्य ऐकत राहिला. मग त्यानं आपली झोळी उचलली आणि तिच्याबरोबर चालू लागला. 

घरी आल्यावर त्यानं कोमट पाणी आणि रिठा मागितला. दोघांनी मिळून टिकलीचं अंग हलक्या हातानं धुतलं, पुन्हा धुतलं, पाणी स्वच्छ उतरेपर्यंत धुतलं. मग वैद्यानं पाखरीच्या दुधात फडकं भिजवून ते लेकराच्या पाठीवरून, मानेवरून फिरवलं आणि पाखरीच्या पायांखालचं गवत आणून लेकराखाली अंथरलं. "आता सोडा तिच्या आईला," तो म्हणाला.

साळूबाईनं पाखरीचं दावं सोडलं. घोडी सावकाश खोपटापाशी आली. तिनं मान खाली घातली आणि खूप वेळ हुंगलं. मग तिच्या घशातून तो हलका, घुमणारा आवाज आला, जो घोडी फक्त आपल्या लेकराशी बोलताना काढते. ती टिकलीला चाटू लागली.

टिकलीनं आवाज ओळखला. तिनं उठायला पाहिलं. पुढचे पाय टेकले, पण मागचे उचलेनात. साळूबाई आणि वैद्यानं तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, पाखरी आपणहून जवळ सरकली, पण टिकलीला दूध ओढवेना. त्यांनी तिला पुन्हा गवतावर निजवलं. दुपार कलता कलता, आईची जीभ अंगावर फिरत असतानाच, ती गेली.

पाखरी मग बराच वेळ चाटत राहिली. साळूबाई जवळ बसली होती. जिथं लेप पोहोचला नव्हता, तिथं, कानामागं आणि गळ्याखाली, जावळ झडून गेलेल्या जागी तिला काही दिसलं म्हणून ती खाली वाकली. नवे केस आले होते. आखूड, गर्द, रेशमासारखे. ते केव्हाचेच येऊ लागले होते.

"माझं काय चुकलं, वैद्यबुवा?" तिनं विचारलं. "मी तर तिच्यासाठी जिवाचं रान केलं."

वैद्याला तिला दुखवायचं नव्हतं. तरी त्यानं खोटं सांगितलं नाही. "औषध तुमच्या भीतीला हवं होतं, बाई," तो म्हणाला. "ते लागलं तिच्या अंगाला."

 संध्याकाळी माणसं आली आणि त्यांनी टिकलीला माळावर पुरलं. ठकूबाई दाराआड उभी राहून रडत होती. साळूबाईनं तिला आत बोलावलं आणि जवळ बसवून घेतलं. तिला दोष दिला नाही.

पुढं पाऊस उघडला. ऊन पडलं. त्या पावसाळ्यात गावातल्या आणखीही शिंगरांना चट्टे उठले होते. ज्यांच्या धन्यांना कामाच्या धबडग्यात त्यांच्याकडे फारसं बघायला सवड झाली नव्हती, अशीही काही होती. ती सगळी नव्या अंगानं तुकतुकीत होऊन नदीवर पाणी प्यायला येऊ लागली. साळूबाई पाखरीला घेऊन नदीवर जायची. शिंगरं दौडत आली की पाखरी कान टवकारायची, एकेकाला हुंगायची आणि मान फिरवायची. साळूबाई तिला दर वेळी पोटभर हुंगू द्यायची. तिला ओढून परत आणायचं धाडस तिला कधीच झालं नाही.

बोध: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याची सेवा करताना आधी आपल्या भीतीला आवरावं, कारण जे काळाच्या हातून बरं व्हायचं असतं ते घाबरलेल्या मायेच्या हातून जातं.