चुन्याची बोटं

"मग माझं चुकलं कुठं, बाबा?"

नारोबा बैरागी मठाच्या ओट्यावर बसून घायपाताचा दोर वळत होते.

समोर बसला होता जालिंदर. सातवीतून शाळा सुटलेली, पण मोबाइलच्या दुकानात बसून फोनची सगळी विद्या शिकलेला. थोरला भाऊ सोपान चुन्याच्या भट्टीवर राबायचा, त्याला दम्याचा त्रास. म्हणून जालिंदरनं त्याच्यासाठी ॲप बनवलं होतं. पडदाभर एकच लाल बटण. बोट लावलं की जालिंदरचा फोन वाजणार.

सोपानचा जुना, उठावदार बटणांचा फोन त्यानं स्वतःच काढून घेतला. त्यात काय राहिलंय, म्हणाला.

दुकानातल्या आठ मित्रांना ॲप दाखवलं. एकालाही अडचण आली नाही. हे तर म्हैससुद्धा नाकानं दाबेल, असं म्हणून एकजण हसला होता.

वीस दिवसांपूर्वी, भर दुपारी, सोपान घरात एकटाच असताना दम लागून वारला.

जालिंदरचा फोन वाजलाच नाही. दादाच्या उशाशी पडलेला फोन त्यानं उचलला, तर लाल बटणावर चुन्याच्या बोटांचे पांढरे ठसे. एकावर एक…

"सोपानला विचारलं होतंस?" नारोबांनी विचारलं.

"विचारलं ना. कसं झालंय म्हणून."

"काय म्हणाला?"

"झकास."

दोराला दोन पीळ पडले.

"मी केलेलं सगळं त्याला झकासच वाटायचं, बाबा. आई गेल्यावर मी पहिल्यांदा भाकरी भाजली. कोळसा झाला होता नुसता. तीही झकास म्हणून खाल्ली त्यानं…"

त्यानं घाईघाईनं खिशातून दुसरा फोन काढला. आता नवं बनवलंय, म्हणाला. भट्टीवरच्या सगळ्यांसाठी. बटण आणखी मोठं केलंय, या खेपेला वीस जणांना दाखवलंय.

"कुठले वीस?"

"दुकानावर येतात ते." मग जरा ऐटीत म्हणाला, "तुम्हीच दाबून बघा की."

नारोबांनी दोर बाजूला ठेवला. पन्नास वर्षं घायपात वळून बोटं लाकडासारखी झालेली. त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

काही झालं नाही.

पुन्हा ठेवलं. मग पुन्हा, जोर लावून.

जालिंदरला राहवेना. "असं नाही बाबा, असं…" म्हणत त्यानं हात पुढं केला, आपलं बोट हलकेच टेकवलं.

त्याच्या खिशातला फोन वाजू लागला.

तो वाजतच राहिला. जालिंदर आपल्या बोटाकडं बघत होता. फोन आपोआप थांबला, तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं,

"किती वेळा दाबलं असेल हो दादानं?"

…

नारोबांनी विळा घेतला, नव्या दोराचा हातभर तुकडा कापला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा कशाला?"

"भट्टीवर जा. फोन त्यांच्या हातात दे. आणि तुझे हात यानं मागं बांधून घे."