ज्वारी, तूर आणि हरभरा

सन दोन हजार एकोणीस, अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, भर दुपार.

“...मग रक्त देणार की नाही, ते तरी सांगा.”

डॉक्टर चन्नवीरने तिसऱ्यांदा विचारलं.

अप्पा घोंगडीवर बसून होते. चिंचवेळीच्या मठाचे ते स्वामी. तरुणपणीच त्यांना आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि तिशी सरायच्या आत समोरचंही दिसेनासं झालं. गावात असं पुष्कळांचं झालं होतं. का झालं, ते शोधायला चन्नवीर आला होता. तो याच गावचा. बाप लवकर गेला, म्हणून अप्पांनीच त्याला मठात ठेवून शाळेत घातलेलं.

“कारण सापडलं म्हणतोस?”

“सापडलं. शेवटची खात्री तेवढी राहिलीय. तुम्ही गावातले सगळ्यांत जुने. तुमच्या रक्तात तोच दोष निघाला की काम पुरं.”

“आम्ही आधी देवीचा कोप म्हणत होतो. बोकडं कापली.”

“माहीत आहे.”

“मग विहिरीचं पाणी म्हणालो. विहीर बुजवली. चांगली गोडी होती रे पाण्याला...”

चन्नवीर हसला नाही. बाहेर जीपमध्ये नमुन्यांची पेटी होती आणि ऊन असं की बर्फ टिकेना. खिशातला फोन वाजला. त्याने बघून कट केला.

“पाण्याचा संबंध नाही, अप्पा. दोष रक्तात आहे. आईकडून एक वाटा येतो, बापाकडून एक. एकच वाटा बिघडलेला असला, तर माणसाला काही होत नाही. जन्मभर कळतही नाही. दोन्ही बिघडलेले आले, की डोळ्याच्या आतला पडदा वाळत जातो.”

“आणि दोन्ही बिघडलेले इथेच का येतात?”

“आपण मामाची पोरगी करतो म्हणून. तोच दोष दोन वाटांनी परत एका घरात येतो.”

“हं. दाखव.”

“काय दाखवू?”

“कोणाचं कोणाकडून आलं ते. तू काढलं असशील ना?”

“कागदावर काढलंय. तुम्हाला कसं...”

“कोठीत धान्य आहे.”

फोन पुन्हा वाजला. पुन्हा कट केला. मनात चरफडत चन्नवीर उठला आणि तीन मुठी भरून आणल्या. डोळे गेले त्यांना हरभरा. डोळे चांगले पण रक्तात दोष, त्यांना तूर. ज्यांच्यात काहीच नाही, त्यांना ज्वारी, असं त्याने अप्पांना सांगितलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याने पिढ्यांमागून पिढ्या मांडल्या. वर आजे-पणजे, खाली पोरंबाळं. घाईत मांडलं, पण चुकलं कुठे नाही. त्याच्या कामात चूक नसे, आणि ते तो लपवतही नसे.

“मांडलं. आता हात द्या.”

“हात माझ्याजवळच आहे.”

अप्पा पुढे सरकले. त्यांची बोटं दाण्यांवरून हलकेच फिरू लागली. एकही दाणा जागचा हलला नाही.

“ही गंगव्वा. हे तिचे दोघे... दोन्ही हरभरे. हं. पोरं विणकर होती, धागा दिसेना म्हणून माग विकला.” बोटं पुढे गेली. “हा मी.”

“हो.”

“हा तुझा मामा, शिवाप्पा. तूर.”

“हो.”

“ही तुझी आई. तीही तूर.”



बोटं आईच्या खाली आली आणि थांबली. मग मामाच्या खाली गेली. पुन्हा थांबली.

“इथे दाणा सांडला का रे?”

“...नाही.”

“मग?”

“ठेवलाच नाही.”

“दोन जागा आहेत.”

“एक माझी. एक राजश्रीची.”

“शिवाप्पाची राजश्री?”

“हो.”

“तिचं लग्न ठरलंय म्हणे.”

“...हो.”

“कुणाशी?”

चन्नवीर उभा राहिला. दारापर्यंत गेला, परत आला. अप्पांना सगळं माहीत होतं. गावात पत्रिकासुद्धा छापून आली होती.

“आईने भावाला शब्द दिलाय, अप्पा. राजश्री पाळण्यात होती तेव्हाचा. बाप गेल्यावर मामानेच आईला सांभाळलं. आता मी काय सांगू त्याला? रक्त दे म्हणून?”

“मला सांगितलंस की.”

“तुमची गोष्ट वेगळी!”

“कशी?”

“तुम्हाला पोरं व्हायची नाहीत.”

बोलून गेला आणि चन्नवीरच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

अप्पा मात्र खळखळून हसले. “आता डॉक्टरसारखा बोललास.”

“राजश्री मला लहानपणापासून... दोष नसेलही. दोघांत असेलच असं कुठंय?”

“नसेल.”

“मग?”

“मग तपासायला भितोस कशाला?”

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी त्याने तो कट केला नाही, घेतलाही नाही. नुसता हातात धरून राहिला. मठात त्याचा आवाज घुमत राहिला आणि आपोआप थांबला.

“शिकायला पुण्याला निघालास,” अप्पा म्हणाले, “तेव्हा पाया पडून विचारलं होतंस. दक्षिणा काय देऊ म्हणून.”

“तुम्ही म्हणालात, लागेल तेव्हा मागेन.”

“आता मागतो.”

“काय?”

अप्पांनी रिकाम्या जागांवर दोन बोटं टेकवली.

चन्नवीर खाली बसला. मग त्याने फोन लावला.

“चन्ना! अरे कुठे आहेस?” आईचा आवाज अप्पांपर्यंत येत होता. “बस्त्याला गाडी येऊन उभी आहे. शिवादादा खोळंबलाय. राजीला मोरपंखी शालू म्हणते मी, तुला कसा...”

“आई, आज बस्ता नको.”

“म्हणजे?”

“पत्रिकाही वाटू नकोस. माझं रक्त तपासायचंय. आणि राजश्रीचं.”

पलीकडे कुणीतरी हसत होतं, ते थांबलं.

“काय बोलतोस तू... दादाला मी कोणत्या तोंडाने सांगू?”

“तू नको सांगू. मी येतो. त्याला मीच सांगतो. राजश्रीलाही.”

“तो घरात पाऊल ठेवू देणार नाही तुला.”

“दारात उभा राहून सांगेन.”

आईने फोन ठेवला.

चन्नवीरने पिशवीतून पट्टा काढला. दंडाला गुंडाळला, एक टोक दातात धरून आवळला. इतक्या लोकांच्या दंडात सुई घातली, पण स्वतःची शीर त्याला पटकन सापडेना. दुसऱ्यांदा टोचली, तेव्हा नळीत रक्त आलं. नळीवर त्याने आपलं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

अप्पांनी हात पुढे केला. त्याने नळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली. नळी अजून कोमट होती.

“अप्पा... आणि दोष निघाला तर?”

अप्पांनी नळी परत दिली. कफनीची बाही खांद्यापर्यंत सारली आणि आपला सुकलेला दंड त्याच्यापुढे धरला.

“दक्षिणा पोचली.”