कडूतळ्याचा घोट

पाळवेळच्या डोंगरावर अर्ध्या चढात एक तळे आहे. पाणी इतके स्वच्छ की तळाची खडी दिसते, पण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. गावात नवी सून आली की चुलीला हात लावण्याआधी तिला इथे आणतात. सासू द्रोणात पाणी भरून देते आणि विचारते, "कसं लागतं?" सुनेने वाटेल ते सांगावे. त्यावर कोणी हसायचे नाही, कोणी तिचे बोलणे खोडायचे नाही, असा दंडक आहे.

डोंगरावरच्या देवीचे पुजारी भिकू गुरव वर येणाऱ्या पाहुण्यांना ही हकिगत सांगतात. पाणी तपासून घेतले का, असे कोणीतरी विचारतेच. "नेलं होतं बाटलीत भरून," गुरव म्हणतात. "नेणारे परत आले नाहीत. बसा, आधी दम खा."

फार पूर्वी, खाडी अजून गाळाने भरली नव्हती तेव्हा, चीन देशाचा एक वैद्य गलबतातून पाळवेळला उतरला, असे सांगतात. नाव तान असे काहीतरी होते. गावाने त्याचा तानबाबा केला. त्याच्या देशात औषधींचे जुने ग्रंथ होते म्हणे, पण एकाने चूक केली की पुढचे शंभर जण ती सुंदर अक्षरात उतरवून घेत. अशाच एका चुकीने त्याचा बाप गेला. तेव्हा त्याने शपथ घेतली, की मी नवा ग्रंथ लिहीन, आणि जिभेवर ठेवल्याशिवाय एकाही पाल्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. त्या ग्रंथापायी तो देशोदेशीचे डोंगर चाखत फिरत होता. गलबतवाला म्हणाला, परतताना तुला घेऊन जाईन. तो कधी परततो याची वाट बघत तानबाबा इथेच राहिला.

त्या वर्षी कुशा भंडारी तापाने अंथरुणाला खिळला होता. वाचलो तर लेक देईन, असे तो बोलून गेला, आणि तानबाबाच्या काढ्याने वाचला. लेकीचे नाव आवडी. तिला यातले काही कोणी विचारले नाही. विचारायची पद्धतही नव्हती.

विहिरीवर बायका तिला छेडायच्या. "काय गं आवडे, तुझा नवरा गवत खातो म्हणे?"

"खातो," आवडी म्हणायची. "रवंथ तेवढं करत नाही."

नवरा वाईट नव्हता. सकाळी डोंगरावर जाई, टोपलीभर पाला-मुळ्या आणी, एकेक चावून बघे, मग दगडावर शाई उगाळून लिहायला बसे. आवडीशी बोलायला त्याच्याकडे वेळ नव्हता आणि सुरुवातीला भाषाही नव्हती.

एकदा पेजेत चुकून दोनदा मीठ पडले. तानबाबाने ती वाटीभर पेज मुकाट्याने संपवली. किती समजूतदार माणूस, असे आवडीला वाटले. दुसऱ्या दिवशी तिने मीठ घातलेच नाही, तरी त्याने तशीच संपवली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "जीभ कधी गेली?"

त्याने वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, पावसाळ्याआधी एका कंदाने तोंड भाजले, तेव्हापासून कशालाच चव नाही. ग्रंथ अर्धाच झाला होता, आणि शपथ तर डोक्यावर होती. एवढा मोठा माणूस चुलीपुढे बसून रडला, असे सांगतात.

"माझी आहे की जीभ," आवडी म्हणाली.

हे ती का म्हणाली, यावर गुरव थोडे थांबतात. दया आली असेल. पण त्यापेक्षाही एक गोष्ट होती. त्या दिवसापासून तानबाबा रोज तिच्यासमोर बसू लागला, तिच्या तोंडाकडे पाहू लागला आणि विचारू लागला, "कसं लागतं?" जन्मात तिला कोणी काही विचारले नव्हते. ती डोळे मिटून नीट सांगायची. आधी तुरट, मग कडेने गोडसर. हे जिभेच्या शेंड्याला झोंबतं, ते घशाला खवखवतं. तो लिहून घ्यायचा. पोटात दुखले, घेरी आली, तर तेही लिहून घ्यायचा आणि उतारा द्यायचा. ती सुकत चालली होती, पण ग्रंथ भरत होता, आणि आपण दोघे मिळून काहीतरी करतो आहोत असे तिला वाटत होते.

पुढच्या वर्षी तिला दिवस राहिले. सांगावे असे रोज मनात यायचे. पण सांगितले तर चाखणे थांबेल, ग्रंथ अडेल, आणि मग रोज समोर बसायचे कारण उरणार नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे करत ती राहिली. त्यानेही चवीपलीकडे काही विचारले नाही.

एका सकाळी त्याने कड्यावरची एक तांबूस मुळी आणली. तिने चावली. "तुरट. मग मुंग्या येतात."

दुपार कलताना कळा सुरू झाल्या. काय झाले ते तानबाबाला पाहताक्षणी कळले. त्याला येत होते ते सगळे उतारे त्याने दिले. मूल राहिले नाही. आवडी वाचली.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. संध्याकाळ व्हायची होती. मागून दगडावर शाई उगाळल्याचा आवाज आला.

"काय लिहिताय?" तिने विचारले.

"ही मुळी गरोदर बाईला देऊ नये."

"कोणाला दिली होती, ते लिहिलंत?"

"तसं लिहायची रीत नाही."



ती उठून हिंडूफिरू लागल्यावर तानबाबाने टोपली पुढे ठेवली. डोंगराचा थोडाच भाग उरला होता, आणि गलबत कधीही आले असते. त्याने एक पान तिच्या हातावर ठेवून विचारले, "कसं लागतं?"

"कडू."

दुसरे पानही कडू. तुळस दिली, तीही कडू. शेवटी त्याने बाजारातून ऊस आणून सोलून दिला. तिने सावकाश चावला आणि म्हणाली, "कडू."

"खोटं बोलतेस?"

"नाही."

ती खोटे बोलत होती की तिला खरोखरच सगळे कडू लागत होते, याबद्दल गावात दोन मते आहेत. तानबाबाला तरी कसे कळणार? आणि एकदा शंका शिरल्यावर ती आजच्या पानाशी थांबली नाही. मागे तिने गोड म्हटलेले गोड होते का? तुरट म्हटलेले? अर्धा ग्रंथ तिच्या जिभेवर उभा होता, आणि आता त्यातले कुठले पान खरे हे तो सांगू शकत नव्हता. ज्या चुकीने बाप गेला, तसलीच चूक सुंदर अक्षरात घेऊन आपण घरी जाणार, हे त्याच्या मनाने घेतले.

तो गठ्ठा उचलून डोंगर चढला. आवडी मागे गेली. तळ्याशी बसून त्याने एकेक पान पाण्यात सोडले. शाई धुरासारखी पसरत गेली. तिने त्याला अडवले नाही. सगळी पाने सोडून झाल्यावर त्याने ओंजळ भरली आणि तिच्यापुढे धरली. "कसं लागतं?"

ती प्यायली. "गोड," ती म्हणाली.

तो उरलेले पाणी प्याला आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याला काहीच लागले नाही.

गलबत आले नाही. ताप मात्र आला, कुशा भंडाऱ्याचाच जुना ताप, आणि या वेळी घराघरांत शिरला. पहिल्यांदा त्याने तानबाबालाच नेले. लोक आवडीकडे धावले. तू सगळं चाखलंस, तापाचं औषध कुठलं ते तूच सांग, म्हणाले. तापावरचा म्हणून त्याने चाखायला दिलेल्या पाल्याची चव तिला आठवत होती. आधी तिखट, मागून थंड, दातांच्या मुळाशी चिकट. पण पाला तर तिने डोळे मिटून चाखलेला. झाडाचे नाव आणि रूप ठेवायचे काम ग्रंथाचे होते. ती डोंगरभर पाने चावत हिंडली आणि प्रत्येक पान तिला कडू लागले. खाली गावातून माणसे जात राहिली. कुशाही गेला.

त्यानंतर ती तळ्याशीच बसून असे. उरलेल्या बायका तिला घरी न्यायला वर आल्या, तेव्हा त्यांतली एक तहानेने पाणी प्यायली आणि थुंकली. "अगं, हे कडूजहर आहे."

"गोड आहे," आवडी म्हणाली.

ती बाई पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारी सुईण म्हणाली, "ती म्हणते ना गोड. मग गोड."

आवडी काही खाली आली नाही. तिचे पुढे काय झाले ते गुरवांना विचारू नये; ते पायातली वहाण नीट करायला लागतात.

आजही तळ्याचे पाणी तसेच आहे. आजही पाळवेळची सासू द्रोण पुढे करते, घोळक्यातल्या बायका गप्प होतात, आणि नव्या सुनेला तेवढे एकदा विचारले जाते. तिला तोंड वाकडे करून कडू म्हणायची मोकळीक असते. थुंकले तरी चालते.

बहुतेक जणी घोट गिळतात आणि "बरं आहे" म्हणतात. मग सगळ्या भराभर खाली उतरतात, कारण अजून चूल पेटायची असते.