टाक्यांवरची शिडी

"शिडी उभी राहिली, की कॉम्प्युटरवर 'पूर्ण' लिहायचं. का, ते विचारायचं नाही." कुपवाडच्या आमच्या शिड्यांच्या कारखान्यात दत्तोबाकाकांनी पहिल्याच दिवशी मला हा नियम सांगितला.

मी लिहीत गेले आणि गोंधळत गेले. स्क्रीनवर सगळ्या ऑर्डरी पूर्ण, तरी वेल्डर त्याच शिड्यांपाशी बसलेला! मीच काही चुकवलं का, तेही कळेना. शेवटी त्यालाच विचारलं.

"ताई, पायऱ्या नुसत्या टाक्यांवर, ठिपक्याएवढ्या जोडांवर धरल्यात," तो म्हणाला. "पक्कं वेल्डिंग व्हायचंय."

तेवढ्यात वायरमनच्या शिड्या न्यायला ट्रक आला. त्याही टाक्यांवरच होत्या आणि तेवढ्या एका ऑर्डरीची नोंद बाकी होती; मी 'पूर्ण'चं बटण दाबल्याशिवाय गाडी सुटणार नव्हती.

"दाब बटण!" काका गरजले. "कॉलेजात हेच शिकलीस काय, थोरामोठ्यांना अडवायला?"

"ऐक गं त्यांचं," आबा, माझे वडील, पुटपुटले.

त्यातलीच एक शिडी मी उचलली आणि आजोबांच्या तसबिरीखाली लावली. "काका, आजोबांचा हार सुकलाय. तुमच्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. चढा, शिडी पूर्ण आहे."

काकांनी पाय उचलला, पायरीकडे पाहिलं आणि पुन्हा जमिनीवर ठेवला. "आधी वेल्डिंग तरी करून आण!"

"म्हणजे वेल्डिंग फक्त तुमच्या पायाखाली लागतं, वायरमनच्या नाही?" मी म्हटलं. "तुम्ही वर चढून हार घाला, मी बटण दाबते. तोवर नाही दाबणार."

काका आबांकडे बघत राहिले आणि आबा सुकलेल्या हाराकडे.